पहिल्या शॉर्टफिल्मसाठी कॅमेऱ्याचं ३३ वस्तूंचं किट घेऊ का? बजेट ६० हजार

बेदाणा_फ्रेम (तासगाव)

नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिहितोय, बरेच दिवस नुसतं वाचत होतो. जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून सांगतो.

मला शॉर्टफिल्म करायची आहे, पहिलीच, १२ ते १५ मिनिटांची. आमच्याकडं फेब्रुवारीपासून बेदाण्याचा सीझन सुरू होतो, माझी आत्या दरवर्षी शेडवर कामाला जाते आणि गोष्ट तिथलीच आहे. एका बाईचा एक दिवस, सकाळी द्राक्षं रॅकवर पसरण्यापासून ते रात्री आभाळ भरून येतं आणि सगळी माणसं ताडपत्र्या घेऊन पळतात तिथपर्यंत. अवकाळीनं माल काळा पडला की घरात काय होतं ते लहानपणापासून बघत आलोय, म्हणून हीच गोष्ट करायची आहे, दुसरी कुठली नाही. काम आत्याच करणार, तयार झालीये. आम्ही तिघं मित्र आहोत, तिघांनाही मोबाईलवर रील करण्यापलीकडं फारसं काही येत नाही.

पैसे ६० हजार आहेत. ४० माझे ट्यूशन घेऊन साठलेले आणि २० दादानं दिलेत. हे गेले की परत लवकर जमणार नाहीत.

एका दुकानात किट दाखवलं, ५६,५०० ला. त्यात कॅनन १५००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स, ट्रायपॉड, छोटा वाकडे पाय असलेला ट्रायपॉड, एलईडी लाईट, शॉटगन माइक, ३२ जीबीची दोन कार्डं, यूव्ही फिल्टर, लेन्सवर पुढून लावायचे वाईड आणि टेली कन्व्हर्टर, रिमोट, बॅग, साफ करायचा ब्रश, फुंकणी, कापड असं सगळं मोजून ३३ वस्तू. दुकानदार म्हणाला व्हिडिओसाठी लागणारं सगळं यात आलं, परत काही घ्यायला नको. सुटं घेतलं तर ७५ हजाराच्या पुढं जाईल म्हणाला.

आम्हाला तर एवढं सामान बघूनच बरं वाटलं, पण घरी आल्यावर रात्रभर विचार करतोय कि हे खरंच नवशिक्या फिल्मवाल्यासाठी असतं का. ज्यांनी असं किट घेतलंय त्यांनी प्लीज सांगा. रविवारी परत दुकानात जायचंय.

शूटवाला_बार्शी

भावा थांब, रविवारी पैसे घेऊन जाऊ नको, नुसता जाऊन ये हवं तर.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. त्या किटमध्ये माइक आहे म्हणतोस आणि कॅमेरा १५००डी. १५००डी ला माइकची पिनच नाहीये. बाहेरचा माइक लावायला भोकच दिलेलं नाही कंपनीनं, कारण तो कॅमेरा मुळात फोटो शिकणाऱ्यांसाठी बनवलाय आणि त्या कामाला तो चांगला आहे, मी स्वतः पोरांना फोटो शिकायला तोच सांगतो. म्हणजे तो शॉटगन माइक तू कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवशील, वायर खाली लोंबत राहील आणि आवाज येणार कॅमेऱ्याच्या आतल्या माइकमधून. दुकानदारानं मुद्दाम फसवलं असंही मी म्हणत नाही, बहुतेक वेळा ही किटं वरून बांधून आलेली असतात, एकच सामानाचा गठ्ठा चार कॅमेऱ्यांना जोडून देतात, कुठली वस्तू कशाला बसते ते कुणी बघितलेलं नसतं.

मी ९ वर्षं लग्नाचे व्हिडिओ करतो आणि माझी सुरुवात असल्याच एका किटनं झाली, म्हणून एकेक वस्तूचं सांगतो. त्यातलं आज माझ्याकडं काय उरलंय तर फुंकणी. ती मात्र रोज लागते.

यूव्ही फिल्टर: रीळवर फोटो निघायचे तेव्हा त्याचं काम होतं, डिजिटल सेन्सरच्या पुढं आधीच फिल्टर असतो. स्वस्तातली काच लावून रात्री शूट केलं तर प्रत्येक बल्बचा एक भुताटकीसारखा हिरवट ठिपका फ्रेममध्ये दुसरीकडं उमटतो. तुझा शेवटचा सीन रात्रीचा आहे, शेडवर बल्ब असणार, बॅटऱ्या असणार, तेव्हा काढूनच ठेवावा लागेल. वाईड आणि टेली कन्व्हर्टर: चांगल्या लेन्सच्या तोंडावर चष्मा लावल्यासारखं आहे ते, कडा सगळ्या वितळतात, हात लावू नको. ट्रायपॉड: फोटोचा असणार, कॅमेरा स्थिर ठेवायला चालेल पण आत्या चालतेय आणि तू तिच्याबरोबर कॅमेरा फिरवतोयस असा शॉट घे, अडखळत अडखळत फिरेल. त्याला अडखळल्याशिवाय फिरणारं फ्लुइड हेड लागतं, व्हिडिओचं. एलईडी: कॅमेऱ्यावर बसणारा चपटा असेल तर समोरून तोंडावर आपटतो आणि स्वस्त एलईडीत माणसाचा चेहरा आजारी हिरवट दिसतो. त्यापेक्षा टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल जपून ठेव, उन्हात बाजूनं धर, चेहरा कसा उजळतो बघ. मोठ्या शूटिंगला पण थर्माकोल धरून माणूस उभा असतोच.

आणि जे तुला लागणार आहे ते किटमध्ये नाहीच. एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची काळसर काच, उजेड कमी करणारी. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची म्हणून व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदाला ठेवायचं, ट्यूबलाईट-बल्बच्या पट्ट्या येत नाहीत आणि हालचाल डोळ्याला नैसर्गिक दिसते. आता भर दुपारी उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तिखट ते) १०० आणि शटर १/५० ठेवलं तर अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत यायचं भोक, एफ २२ पर्यंत बंद करावं लागतं. तिथं चित्र मऊ पडतं आणि मागचं सगळं फोकसमध्ये येतं, सेन्सरवर धूळ असेल तर ती पण दिसायला लागते. एफ ४ ला शूट करायचं तर पाच स्टॉप उजेड कमी करायला पाहिजे (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे एनडी ३२. नवीन पोरं काय करतात तर शटर वाढवतात, १/१००० करतात, मग माणूस चालताना झटके दिल्यासारखा दिसतो आणि त्यांना कळत नाही कि आपलं चित्र सिनेमासारखं का दिसत नाही. गॉगल घातला नाही एवढंच कारण असतं.

कार्डाचं पण बघ, क्लास १० लिहिलेलं कार्ड म्हणजे सेकंदाला कमीत कमी १० एमबी लिहिण्याची खात्री. १५००डी फुल एचडीच करतो, त्याला पुरेल. पण उद्या १०० एमबीपीएसवाला (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) ४के कॅमेरा घेतलास तर त्याला सेकंदाला साडेबारा एमबी लागतात, मग व्ही३० लिहिलेलं कार्ड पाहिजे.

७५ हजाराचं ५६ ला मिळतंय हा हिशोबच सोडून दे. तुला लागणाऱ्या वस्तू त्यात किती ते मोज.

ध्वनीवेडी (पुणे)

बार्शीकरांनी माइकचं सांगितलं ते बरं केलं, मी त्याच्या पुढचं सांगते, कारण माझं कामच ते आहे आणि दरवर्षी मुलं तयार फिल्म घेऊन येतात कि ताई एवढा आवाज साफ करून द्या, आणि ते होत नाही रे. चित्र थोडं काळं असेल, हललं असेल तर बघणारा सांभाळून घेतो, आत्या काय बोलली ते कळलं नाही तर तो उठून जातो.

समज कॅमेऱ्याला पिन आहे आणि माइकही लागला. तरी माइक कॅमेऱ्यावरच बसलेला आहे ना. कॅमेरा आत्यापासून दहा फुटांवर, म्हणजे माइक पण दहा फुटांवर. अंतर दुप्पट झालं कि आवाज ६ डेसिबलनं पडतो. अडीच फुटांवरून पाच, पाचवरून दहा, म्हणजे १२ डेसिबल गेले, आणि शेडनेट फडफडतंय, शेजारी ट्रॅक्टर चालू आहे, ते मात्र आहे तेवढंच ऐकू येतं. म्हणून भारी माइक लांब ठेवण्यापेक्षा साधा माइक जवळ ठेवलेला केव्हाही चांगला.

तुझ्यासाठी मी हे करेन. कॉलरला लावायचा वायरवाला माइक घे, बोया बीवाय-एम१ सारखा, हजाराच्या आसपास मिळतो, वायर ६ मीटर लांब असते. तो कॅमेऱ्याला लावूच नको. जुना मोबाईल घे, त्याला लाव, फ्लाईट मोडवर टाक, रेकॉर्डिंग चालू कर आणि मोबाईल आत्याच्या कमरेला खोचून दे. उरलेली वायर गुंडाळून साडीच्या आत. माइक पदराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं पक्का कर, कापड माइकवर घासलं कि खसखस येते आणि ती काढता येत नाही, म्हणून चिकटपट्टीचे दोन त्रिकोण घडी घालून मधे माइक ठेवायचा, कापड दोन्हीकडून चिकटून राहतं. मग शॉट सुरू व्हायच्या आधी कॅमेऱ्यासमोर एक टाळी. कॅमेऱ्यातला कच्चा आवाज आणि मोबाईलमधला चांगला आवाज ती टाळी बघून जुळवायचे. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आवाजाच्या लाटा बघून आपोआप पण जुळवते.

एक गोष्ट लक्षात ठेव, मोबाईलच्या माइकच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात आणि कॅमेऱ्याच्या माइकच्या पिनवर दोन. एकाची पिन दुसऱ्यात नुसती घातली तर बऱ्याचदा आवाज येत नाही किंवा नुसती घरघर येते. त्या बोयाच्या वायरवर बटण असतं मोबाईल आणि कॅमेरा असं, ते बघून घे, आणि आत छोटी बॅटरी असते एलआर४४, दोन जास्तीच्या ठेव. बऱ्याच नवीन मोबाईलला गोल पिन नसते, त्यामुळे जुना मोबाईल शोध, घरात कुणाच्या तरी कपाटात असतोच.

आणि प्रत्येक जागेवर एक मिनिट कुणीही न बोलता नुसता तिथला आवाज रेकॉर्ड कर. शेडमधला वारा, क्रेट ठेवल्याचा आवाज, बेदाणे चाळणीवर पडतात तो. तो आवाज कुठल्याही किटमध्ये मिळत नाही आणि तुझी फिल्म त्याच्यावर उभी राहणार आहे.

गोदाकाठ (नाशिक)

वरचं सगळं मान्य आहे पण माझं मत थोडं वेगळं आहे. किटला शिव्या देताना आपण नवीन माणसाला घाबरवतो असं वाटतं मला. आता कुणीतरी येऊन म्हणेल कॅमेरा घेऊच नको, भाड्यानं आण. भाड्याचा कॅमेरा सकाळी ९ ला येतो आणि रात्री ९ ला परत जातो, त्या बारा तासात माणूस शिकत नाही, नुसता घाबरून शूट करतो.

आमच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांचं बघा. १९१२ ला लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला, त्याच्याबरोबर प्रिंटिंगचं यंत्र आणि फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्र. ते पण एक किटच होतं, पण त्यातली प्रत्येक वस्तू लागणारीच होती, भोकं पाडल्याशिवाय फिल्म कॅमेऱ्यात चालतच नव्हती. आणि आल्या आल्या मोठा सिनेमा सुरू नाही केला. घरात कुंडीत वाटाणा लावला आणि तो रोज थोडा थोडा वाढताना टिपला, त्याची छोटी फिल्म केली, ती दाखवून भांडवल उभं केलं. कॅमेरा घरात होता म्हणून ते झालं. रोज त्याच जागेवरून, त्याच झाडाचा एकेक तुकडा. भाड्याच्या कॅमेऱ्यानं वाटाणा उगवत नाही हो.

म्हणून मी म्हणतो स्वतःचा कॅमेरा घेच, पण किटचे दोन अर्थ वेगळे कर. कंपनी स्वतः बॉडीबरोबर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याबरोबर, जी एक लेन्स देते ते पण किटच, आणि ते घेण्यात काही चूक नाही. ती १८-५५ लेन्स बॉडीबरोबर स्वस्त पडते, तिच्यात स्टॅबिलायझर असतो, दिवसा एफ ८ ला मस्त चालते. लोक उगाच नावं ठेवतात. फक्त शूट चालू असताना झूम करू नको, झूम केलं कि तिचं अॅपर्चर ३.५ वरून ५.६ होतं आणि चित्र मधेच काळं पडतं. दुसरं किट म्हणजे दुकानानं वरून बांधलेला गठ्ठा, तो सोड.

माझा सल्ला, सेकंडहँड बघ. कॅनन २००डी मार्क २ घे, त्याला माइकची पिन आहे, स्क्रीन फिरते, आणि १०८०पी (फुल एचडी) मध्ये ऑटोफोकस फार छान आहे. ४के आहे त्याच्यात पण ते वापरू नको, चित्र खूप कापलं जातं आणि तो चांगला ऑटोफोकस ४के मध्ये चालत नाही. १०८०पी पुरे आहे पहिल्या फिल्मला. किंवा सोनी झेडव्ही-ई१० मिळाला तर त्याला हेडफोनची पण पिन आहे, २००डी ला नाही. माझ्या मावसभावानं मागच्या वर्षी २००डी मार्क २ लेन्ससकट ३४ हजाराला घेतला, अजून ठणठणीत आहे.

जुना घेताना स्वतःचा माइक आणि कार्ड घेऊन जा, माइक लावून बघ पिन सैल आहे का, अर्धा तास सलग शूट करून बघ, लेन्सवर झाकण लावून व्हिडिओ घे म्हणजे अडकलेले लाल-पांढरे ठिपके दिसतात, बॅटरी फुगलीये का बोटानं चाचप. बिल असल्याशिवाय पैसे देऊ नको.

शूटवाला_बार्शी

गोदाकाठ, हे पटलं. मी भाड्यानंच सांगणार होतो पण वाटाण्याचं बरोबर आहे, सवय घरात कॅमेरा असल्याशिवाय लागत नाही. फक्त एक मधला मार्ग सुचवतो, घ्यायच्या आधी तोच मॉडेल एक दिवस भाड्यानं आणून त्याच शेडवर शूट करून बघ. हजार-दीड हजार जातील, पण ४० हजाराची चूक वाचेल.

बेदाणा_फ्रेम (तासगाव)

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रविवारी दुकानात गेलो, किट उघडून माइक लावायला सांगितला, त्यांनी पण शोधलं आणि पिन सापडली नाही. त्यांनाच माहीत नव्हतं, नंतर नीट बोलले, म्हणाले दुसरी बॉडी देतो पण मग ७० च्या पुढं जाईल. घेतलं नाही.

आता नवीन प्रश्न. मामा न्यू जर्सीला असतात, ते पुढच्या महिन्यात येणार आहेत. ते म्हणतात तिकडं क्रिएटर किट म्हणून मिळतं, कॅनन आर५० आणि त्याच्याबरोबर लेन्स, छोटा माइक, हातात धरायची ग्रिप, सगळं कंपनीचंच. जास्तीचे पैसे ते घालतील. हे चांगलं का? कंपनीनं बांधलंय म्हणजे एकमेकाला जुळणारं असेल ना?

हडसनकाठ (जर्सी सिटी)

मी तिकडंच राहते आणि भाचे-पुतण्यांसाठी कॅमेरे घेऊन येण्याचं काम बरेचदा केलंय म्हणून लिहिते.

हो, ते किट एकमेकाला जुळणारंच असतं, माइक लागतो, ग्रिपचं बटण दाबलं कि रेकॉर्डिंग सुरू होतं, ब्लूटूथनं. पण ते कुणासाठी जुळवलंय ते बघ. एक माणूस, स्वतःच्याच हातात कॅमेरा, तोंड कॅमेऱ्याकडं, अंतर एक हाताचं. स्वतःचं तोंड दाखवून बोलणाऱ्यांना ते उत्तम आहे. तू तर आत्याचं शूट करणार आहेस, तू कॅमेऱ्याच्या मागं. म्हणजे ग्रिपचा छोटा तिकाटणा जमिनीवर कुठं ठेवणार, आणि तो छोटा माइक परत दहा फुटांवरच, जे वर ताईंनी सांगितलं तेच. बॉडी आर५० चांगली आहे, ४के पूर्ण रुंदीचं देते, माइकची पिन आहे, पण तीच बॉडी नुसत्या लेन्सबरोबर घेतली तर पैसे वाचतील आणि त्या पैशात माइक, एनडी आणि ट्रायपॉड होईल.

परदेशातून आणायचं असेल तर वॉरंटी भारतात चालते का ते आधी कार्डावर वाचा, कॅमेऱ्यांची वॉरंटी पुष्कळदा त्या त्या देशापुरतीच असते. इकडं पण ऑनलाईन तीस-चाळीस वस्तूंचे गठ्ठे विकतात, त्यातली बॉडी कधी कधी दुसऱ्याच देशासाठीची असते आणि मग इथलीही वॉरंटी मिळत नाही. मामांना सांग कंपनीच्या अधिकृत दुकानातूनच घ्या. चार्जरची काळजी नको, ते १०० ते २४० व्होल्टवर चालतात, नुसती पिन बदलायला लागते. आणि आल्या आल्या मेनूत जाऊन व्हिडिओची पद्धत एनटीएससी (अमेरिकेतली) बदलून पॅल (आपल्याकडची) कर, नाहीतर २४, ३०, ६० अशाच फ्रेम दिसतील, २५ दिसणारच नाही, आणि तू डोकं खाजवत बसशील. माझ्या पुतण्यानं पूर्ण बारसं ३० फ्रेमला शूट केलं, हॉलमधल्या सगळ्या ट्यूब लुकलुकतायत, बाळाच्या आजीचं गाणं होतं त्यात आणि ते परत घेता आलं नाही.

रंकाळा_बाई (कोल्हापूर)

शाळेत पोरांकडून छोट्या फिल्म करून घेते, त्या अनुभवानं एकच सांगते. कॅमेरा यायची वाट बघत बसू नकोस, आज मोबाईलवर पूर्ण फिल्म एकदा शूट करून टाक, कशीही. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अॅप फुकट आहे, सगळ्या अँड्रॉइड फोनवर चालत नाही पण तुझ्या फोनवर चाललं तर शटर १/५० आणि २५ फ्रेम तिथंच पक्कं करता येतं. माझी पोरं कच्ची फिल्म बघितल्यावर स्वतःच सांगतात बाई आपल्याला कशाची गरज आहे, आणि दरवेळी वेगळंच निघतं. एका गटाला कॅमेरा नाही, दोन क्लिपा आणि एक पांढरी चादर पाहिजे होती.

बेदाणा_फ्रेम (तासगाव)

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला, परीक्षा होती.

बाईंनी सांगितलं तसं आधी मोबाईलवर सगळी फिल्म काढली, दोन दिवसात. मग सांगलीतून २००डी मार्क २ एक दिवस भाड्यानं आणला, १,२०० रुपये. अजून माल आलेला नाही त्यामुळे रिकाम्या शेडवरच, आत्याला घेऊन. त्याआधी बोयाचा माइक घेतला होता, आणि ५८ चा एनडी, कारण १८-५५ लेन्सचं तोंड ५८ मिलिमीटरचं आहे हे लेन्सवर वाचून गेलो होतो.

काय काय झालं ते सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल.

आवाज इतका चांगला आलाय कि आत्याचा श्वास ऐकू येतो. ती बेदाण्याची चाळण उचलते तेव्हा हं असं म्हणते, ते मला एवढ्या वर्षात कधी ऐकूच आलं नव्हतं. ताई तुमचे खरंच आभार.

उजेडाचा मात्र घोळ. शेडला चारी बाजूनं हिरवं नेट आहे, आत आल्यावर डोळ्याला कळत नाही पण चित्रात आत्या पूर्ण हिरवी. पांढरा कागद धरून व्हाईट बॅलन्स केला, चेहरा बरा झाला पण मग नेटच्या फटीतून जिथं ऊन येतं तो पट्टा गुलाबी दिसायला लागला. शेवटी घरातली दोन पांढरी धोतरं आणली, नेटच्या आतून टांगली, आत्याच्या एका बाजूला. त्यानं एकदम फरक पडला, चेहऱ्यावर मऊ उजेड आला आणि हिरवा बराच गेला. आता चार धोतरं गोळा करतोय. दुसरं म्हणजे पश्चिमेची बाजू सकाळी सातला गुंडाळून वर करता येते, मालक हो म्हणालेत, तेव्हा थेट उन्हाचा त्रास नसतो.

फोटोचा ट्रायपॉड मित्राचा होता, त्याच्यावर एकही फिरता शॉट जमला नाही. म्हणून आता कॅमेरा स्थिर आणि आत्याच फ्रेममधून जाते-येते असंच करायचं ठरवलंय, मोबाईलवर पण तेच शॉट सगळ्यात चांगले आले होते. फ्लुइड हेड नंतर.

मामांना नको म्हणून सांगितलं. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं पण ते म्हणाले तेवढे पैसे तुझ्या लोकांच्या जेवणाला घे, शूटिंगला माणसं उपाशी ठेवू नको. तर हिशोब असा झालाय: सेकंडहँड २००डी मार्क २ लेन्ससकट ३६ हजार, बिल आहे, उद्या बघायला जातोय. जास्तीची एक बॅटरी, एक चांगलं कार्ड. माइक आणि एनडी झालेत. १५ हजाराच्या वर हातात राहतायत, ते रात्रीच्या सीनसाठी ठेवलेत, एक मोठा एलईडी दोन दिवस भाड्यानं आणायचा आणि उरलेले दादाला परत.

रात्रीच्या सीनबद्दलच विचारायचंय. पाऊस खोटा पाडायचा नाहीये, फक्त वारा आणि ताडपत्री. ताडपत्रीचा आवाज एवढा मोठा आहे कि आत्याचं बोलणं बुडतं. कॉलरचा माइक लावून पण.

ध्वनीवेडी (पुणे)

श्वास ऐकू आला म्हणालास, वाचून फार बरं वाटलं.

त्या सीनमध्ये तिला बोलायला लावूच नको बघ. खऱ्या वाऱ्यात माणसं बोलत नाहीत, हाका मारतात, नाव घेतात, धर म्हणतात, सोड म्हणतात. तेवढे शब्द ताडपत्रीतून येतील. जे वाक्य फार गरजेचं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच, त्याच शेडमध्ये, तोच माइक लावून, वारा पडलेला असताना पाच वेळा म्हणून घे, चित्राशिवाय. तिला घाईत पळायला लाव थोडं आणि मग म्हणायला सांग, धाप खरी पाहिजे.

ताडपत्रीचा आवाज वेगळा रेकॉर्ड कर, जवळून आणि लांबून, दोन्ही. माइकवर फरची टोपी घाल नाहीतर वारा नुसता धडधडेल. आणि उद्या कॅमेरा बघायला जाशील तेव्हा माइक खिशात घेऊन जा.

बेदाणा_फ्रेम (तासगाव)

खिशातच ठेवलाय ताई. फरची टोपी पण आजच मागवतो.